भट्टी कोण पेटवणार

आमच्या बेकरीत येणारं गिऱ्हाईक पावात काय काय घातलंय हे विचारत नाही. गल्ल्यामागच्या भिंतीवर कश्रूतचं, म्हणजे ज्यू आहारनियमांचं, प्रमाणपत्र टांगलेलं असतं. त्यावर एक नजर टाकायची, मुदत उलटून गेलेली नाही ना एवढं पाहायचं, आणि "दोन खल्ला, तिळाच्या" म्हणून पैसे पुढे करायचे. अश्दोद हे इस्राएलमधलं बंदराचं गाव, १९५६ साली वाळूवर वसवलेलं. मोरोक्कोचे, जॉर्जियाचे, रशियाचे, इथिओपियाचे आणि आमच्या कोकणातले ज्यू इथे एकाच रांगेत उभे असतात. प्रत्येकाच्या घरचे रिवाज निराळे, जिभेची सवय निराळी; पण पाव घेताना कुणालाच चौकशी करावी लागत नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यांना विचारावं लागू नये म्हणून रात्रभर आम्ही विचारत असतो. पिठाला, अंड्याला, तेलाच्या डब्याला, ट्रेला, भट्टीतल्या जाळालासुद्धा.

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे त्या कोकणातल्या ज्यूंपैकी. आमचे पूर्वज अलिबागकडचे, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. नव्वदच्या दशकात नवऱ्याबरोबर इथे आले तेव्हा हिब्रू प्रार्थनेपुरती येत होती, बाजारापुरती येत नव्हती. ओळखीच्या एका बाईंनी बेकरीत लावून दिलं. आधी पावांना पिशव्या घालायचं काम, मग खल्ला, म्हणजे वेणीचा पाव, वळायचं, मग कणकेकडे रात्रपाळी. कश्रूतचे नियम मी पुस्तकातून शिकले नाही, हातांनी शिकले. पुस्तकं मागाहून वाचली.

पिठापासून सुरुवात होते. गोणी आली की दळल्याची तारीख आधी बघायची. अश्दोदचा उन्हाळा कोकणासारखाच दमट, गोणी पडून राहिली की पिठाला जाळी धरते. ठाण्याला पावसाळ्यात आई पीठ चाळूनच घ्यायची, त्यामुळे चाळणं मला नवं नव्हतं. नवं होतं ते चाळल्यानंतर चाळणीत उरलेलं बघणं. वरचा चाळ पांढऱ्या कागदावर झटकायचा, दिव्याखाली धरायचा आणि काही हलतंय का ते पाहायचं. एक अळी निघाली तरी ती गोणी बाजूला. स्वच्छतेची काळजी कुठल्याही चांगल्या बेकरीत असतेच, पण इथे आणखी एक गोष्ट आहे. मांसाच्या रश्शात चुकून दुधाचा थेंब पडला तर तो साठाव्या हिश्श्याहून कमी आहे का, असं मोजून सवलत मिळू शकते. अख्ख्या किड्याला ती सवलत नाही. हजार भाग पिठात एक असला तरी तो हरवला असं मानत नाहीत.

अंडीही तशीच. मोठ्या कारखान्यांत पाश्चराइज केलेलं अंडं डब्यातून येतं. आमची बेकरी लहान, आम्ही अंडी फोडतो. प्रत्येक अंडं आधी काचेच्या ग्लासात, उजेडासमोर. रक्ताचा ठिपका दिसला की ते अंडं टाकायचं, ग्लास धुवायचा, मग पुढचं. नवीन आलेल्या मुलींना हे फार संथ वाटतं. शुक्रवारच्या मालासाठी शेकडो अंडी लागतात आणि तिथे एकेक ग्लास धरून बसायचं म्हणजे वेळेचा नास, असं त्यांचं म्हणणं. मला ते काम आवडतं. एका अंड्यावर दुसरं फोडलं की मागच्याचं काय झालं ते कळायचा मार्ग संपतो. ग्लास मध्ये धरला की प्रत्येक अंड्याला एकदा तरी कुणी नीट पाहिलेलं असतं.

मग दूध. किंवा खरं तर दूध नसणं.

मांस आणि दूध एका जेवणात येत नाहीत, एवढं बऱ्याच लोकांना ठाऊक असतं. पण पाव दोन्ही जेवणांत लागतो. सकाळी चीजबरोबर जो पाव, तोच रात्री कोंबडीच्या रश्शाबरोबर. म्हणून तल्मूद या धर्मग्रंथानंच सांगून ठेवलंय की कणीक दुधात मळू नये, चुकून कुणी तो पाव मांसाबरोबर खाईल. एका जेवणापुरता थोडासा केला, किंवा बघताक्षणी ओळखू येईल अशा निराळ्या आकाराचा केला, तर चालतो. बाकी पाव हा पारवे हवा, म्हणजे दुधाचाही नाही आणि मांसाचाही नाही. तेही फक्त कणकेपुरतं नाही. ट्रेला लावायचं तेल, वरून फिरवायचा ब्रश, ज्या भट्टीत आधी चीज भरलेले बुरेकास भाजले ती भट्टी, सगळं बघावं लागतं. पिठात घालायच्या सुधारकाच्या डब्यावर रसायनाचं नाव असतं, पण त्या रसायनाचं मूळ जनावराच्या चरबीत असू शकतं. सिस्टीन नावाचं एक द्रव्य कणीक सैल करायला वापरतात, ते बदकाच्या पिसांपासूनही काढतात. डबा फोडण्याआधी त्यावरचा शिक्का बघायचा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं.

आमच्याकडे बुरेकासचा आकारच सांगतो आत काय आहे ते. चीजचे त्रिकोणी, बटाट्याचे चौकोनी. लहान मूलसुद्धा हातात घेऊन ओळखतं.

दुधाशिवाय पाव मऊ राहतो का? राहतो, पण त्याची मेहनत करावी लागते. दुधातली साखर सालीला रंग देते, स्निग्धांश मऊपणा टिकवतो. ते दोन्ही गेले की काम तेलावर, अंड्याच्या बलकावर, थोड्या साखरेवर आणि मुख्य म्हणजे वेळेवर येतं. कणीक घाईनं फुगवली तर पाव दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होतो. गारव्यात सावकाश फुगवली तर शनिवार दुपारपर्यंत लवचीक राहतो. मार्गरिनबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. पदर सुटणाऱ्या पेस्ट्रीत लोण्याऐवजी मार्गरिन घालतात, ते तोंडात विरघळत नाही, टाळूला चिकटून राहतं. पारवे क्रॉसाँ लोण्याच्या क्रॉसाँची बरोबरी करत नाही आणि करतो असं म्हणण्यात अर्थ नाही. तेलाचा पाव करावा, तेलाचा केक करावा. त्यांना कुणाची नक्कल करावी लागत नाही.

हे शिकताना मला माझी आजी फार आठवायची. आजीनं कधी मश्गियाख पाहिला नव्हता. देखरेख करणारा असा कुणी अधिकारी असतो हेही तिला माहीत नसेल. पण तिच्या स्वयंपाकात मटणाच्या रश्शात दही कधी पडलं नाही. नारळाचं दूध पडायचं. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, ती गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा करायची. गाईचं दूध का नाही, असं विचारलं तर म्हणायची, "सणाचं जेवण आहे ना? मटण होणारच. मग?" कोकणात शतकानुशतकं आमच्या लोकांजवळ ना रब्बी होते ना तल्मूद. शनिवार, सुंता, शमा इस्राएल ही प्रार्थना आणि ताटातले हे नियम एवढं घेऊन ते राहिले. ज्या भागात दारोदार नारळ आहे तिथे नारळानं तो नियम सोपा करून दिला. अश्दोदच्या बेकरीत तेलाचा पाव वळताना मला परकं काही शिकतेय असं कधी वाटलं नाही, ते यामुळेच.

पेसाखच्या सणाचंही तसंच. बेकरीसाठी तो आठवडा म्हणजे पूर्ण थांबणं. आंबवलेलं काहीही ठेवायचं नाही, विकायचं तर नाहीच. १९८६ च्या कायद्यानं त्या दिवसांत विकायला पाव चारचौघांत मांडायलाही बंदी आहे. त्याआधी आम्ही भट्ट्यांच्या कोपऱ्यांतलं पीठ ब्रशनं काढतो, मळणीची यंत्रं खोलतो. उरलेल्या पिठाचं काय? ते यहुदी नसलेल्या माणसाला रीतसर विकतात आणि सण संपला की परत घेतात. सरकारचंही असंच: देशाच्या मालकीचा असा सगळा साठा दरवर्षी यरुशलेमजवळच्या अबू घोश गावातल्या एका अरब गृहस्थांना विकला जातो, खरीखुरी अनामत रक्कम घेऊन. आजीच्या पिढीत या सणाला 'अनशी ढाकायचा सण' म्हणत. आंबट कालवणाचं भांडं, अनस, आठ दिवस झाकून ठेवायचं. यीस्ट त्यांच्या घरात नव्हतंच. जे आंबलेलं होतं ते त्यांनी झाकलं.

शुक्रवार हा आमचा मोठा दिवस. पहाटे तीनपासून खल्ला वळायला बसतो. सहापेडी वेणी घालायची असते, दोन एकेका घराला, कारण शब्बातच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, प्रत्येक जेवणाला दोन अख्खे पाव लागतात. वळायचा हात बसला की बोलता बोलता होतं. पण दोन प्रकारच्या कणका शेजारी शेजारी असतात, त्यांची गल्लत चालत नाही. एक गोड, अंड्याची. दुसरी पाण्याची, साखर जेमतेम. युरोपातून आलेल्या घरांना गोड खल्ला पाव म्हणून चालते. मोरोक्कोकडच्या घरांत कणकेत गोडवा जिभेला लागला की तो पाव उरत नाही, केक होतो. त्यावर पावाचा आशीर्वाद म्हणता येत नाही, मग शब्बातचं जेवण सुरू कसं करणार? सोळाव्या शतकात सफेद गावी रब्बी योसेफ कारोंनी एक मत लिहिलं, क्राकोवला रब्बी मोशे इस्सर्लेसनी दुसरं, आणि ते दोन्ही आज माझ्या टेबलावर दोन रंगांच्या लेबलांनी राहतात. कुणी कुणाला खोटं पाडत नाही. गिऱ्हाईक आपलं लेबल उचलतं.

आणि त्या कणकेतून एक तुकडा काढणं, त्यालाही खल्लाच म्हणतात. तोराच्या, म्हणजे मूळ धर्मशास्त्राच्या, चौथ्या ग्रंथात सांगितलंय की मळलेल्या कणकेतला पहिला भाग द्यावा. यरुशलेमचं मंदिर होतं तेव्हा तो पुरोहिताला जायचा. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात घरच्या कणकेसाठी चोविसावा हिस्सा आणि बेकऱ्यासाठी अठ्ठेचाळिसावा असं प्रमाण आहे. आता मंदिर नाही, म्हणून ऑलिव्हएवढा गोळा काढतात आणि जाळतात, कुणी खात नाही. साधारण १.६७ किलोच्या वर पीठ असेल तर आशीर्वाद म्हणून काढायचा, १.२ किलोच्या वर असेल तर न म्हणता. नियम गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांनाच लागू. तांदळाला नाही. म्हणजे आजीनं जन्मभर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, त्यातून तिला कधी काही काढावं लागलं नाही. गव्हाची कणीक मळली की मात्र ती काढायची.

देशाबाहेर हा तुकडा काढायचा राहिला तर पाव खायला सुरुवात करून शेवटी थोडा काढून ठेवला तरी चालतो. इथे, या भूमीत, तसं नाही. काढलेला नसेल तर एक घासही खाता येत नाही. त्यामुळे बेकरीत ते विसरून चालत नाही. आमच्याकडे दिवसा मश्गियाख काढतो. रात्री तो नसतो, मधेच कधीतरी न सांगता येऊन जातो. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. परंपरेनं ते बायकांचंच. पन्नास किलो कणकेच्या डोंगरातून बोटांच्या पेरांत मावेल एवढं काढायचं, आशीर्वाद म्हणायचा, "ही खल्ला" म्हणायचं, फॉईलमध्ये गुंडाळून भट्टीच्या कडेला ठेवायचं. अर्धं मिनिटही लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटात यंत्र बंद असतं आणि कणकेकडे कुणी माल म्हणून बघत नसतं. या कामावर माझं प्रेम आहे, ते मी लपवत नाही.

आता भट्टीचं सांगते.

मराठी वाचकाला हे सगळं वाचताना सोवळं आठवेल. मलाही आठवलं होतं. पण कश्रूतमध्ये कोण शिवलं हा प्रश्न बहुतेक ठिकाणी नसतोच. कणीक कुणीही मळावी, पेड कुणीही वळावेत, ट्रे कुणीही सरकवावा. कुणाच्या हातानं पाव बाटत नाही. चौकशी वस्तूची असते. अपवाद थोडे आहेत, त्यातला एक जाळाचा. परक्याच्या घरचा पाव खाऊ नये, त्यातून सोयरीक होईल, अशा धास्तीनं जुन्या काळी मनाई झाली. पुढे ती सैल झाली, आणि कडक देखरेखीच्या बेकऱ्यांपुरती एक अट उरली. जाळात ज्यू माणसाचा वाटा हवा. त्यानं पेटवावं, किंवा पेटलेल्यात एक काटकी टाकली तरी पुरे.

शुक्रवारी दुपारी भट्टी विझते. शनिवारी सूर्य मावळून तीन तारे दिसले की शब्बात संपतो. उन्हाळ्यात तोवर रात्रीचे साडेआठ होतात. मग भट्टी पेटवायची, ती पुढच्या शुक्रवारपर्यंत गार होत नाही. आमच्या पाळीचा प्रमुख युक्रेनहून आलेला. रायचा आंबट पाव त्याच्यासारखा करणारा मी पाहिला नाही. आंबवणाला नुसता वास घेऊन किती तास झाले ते सांगतो. वडील ज्यू, आई नाही. परतीच्या कायद्यातल्या १९७० च्या दुरुस्तीमुळे आजोबा-आजींपैकी एक ज्यू असलं तरी नागरिकत्व मिळतं, म्हणून तो आला, सैन्यात गेला, कर भरतो, पोरं इथल्या शाळेत. धर्मशास्त्र मात्र आईकडून मोजतं. त्यामुळे शनिवारी रात्री तो भट्टीचं दार उघडायचा, गॅसचा दाब तपासायचा, सगळं तयार करायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. मग मी पुढे होऊन कळ दाबायची.

एकदा त्यानं मला विचारलं, अगदी सरळ, "तुझ्या बोटात असं काय आहे?"

मी त्याला आमची गोष्ट सांगितली. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीतून सूचना निघाली होती की बेने इस्राएल माणसाचं इतरांशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात, कुठे परकं कुणी आलंय का. शतकानुशतकं शनिवार पाळलेल्या लोकांना ती सूचना. आमची माणसं गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये धरणं धरलं. भारतातून आलेल्या, पाचवारी नेसलेल्या बायका पोराबाळांसकट बसल्या होत्या. माझी मावशी त्यांच्यात होती. शेवटी पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांना सरकारची भूमिका जाहीर करावी लागली आणि त्या सूचनेतून आमचं नाव निघालं. मावशी ते सांगताना चिडत नसे. एवढंच म्हणायची की आमच्या चुलीत काय शिजतं ते विचारा, हवं तितकं विचारा. आम्ही कोण ते आम्हाला विचारू नका.

तो ऐकत होता. म्हणाला, "आणि आता तू पेटवतेस."

मला त्याचं उत्तर देता आलं नाही, आणि तो नियम चुकीचा आहे असंही मला म्हणता येत नाही. नियम पाळणारं गिऱ्हाईक रांगेत विश्वासानं उभं असतं. त्याच्या पाठीमागे आम्ही भट्टी कुणाकडूनही पेटवून घेतली तर ती फसवणूक आहे. प्रमाणपत्र नसताना स्वतःला कशेर, म्हणजे कश्रूत पाळणारं, म्हणवणं १९८३ च्या कायद्यानं गुन्हा आहेच, पण मला कायद्याहून तो विश्वास मोठा वाटतो. मला जे सलत होतं ते वेगळं होतं. नवीन कुणी कामाला आलं की पहिल्याच दिवशी त्याला "तुझी आई?" असं विचारलं जायचं. वीस वर्षांच्या पोरीला, कागद हातात घेऊन. का, तर शनिवारी रात्री पाळीवर कोण असेल सांगता येत नाही, भट्टी पेटवायला चालणारं माणूस कोणतं हे आधी कळायला हवं. अंड्याला विचारावेत ते प्रश्न ग्लास धरून त्या पोरीला विचारत होतो.

मी मश्गियाखशी बोलले. मोरोक्कोकडचा, वयस्कर, नियमात एका केसाचीही सूट न देणारा माणूस. मी त्याला सूट मागितलीच नाही. म्हटलं, शनिवार रात्रीची भट्टी माझ्या नावावर कायमची लिहा. वेळापत्रकात, सही करून. मी नसेन तेव्हा मालकाचा मुलगा येईल, तो गावातच राहतो. आठवड्यात मधेच जाळ विझला तर त्याला किंवा मला फोन करा, रात्रीचे दोन वाजले तरी. मग बाकीच्यांना विचारायचं कारण काय राहतं? तो बराच वेळ दाढी चाचपत होता. मालकानं कपाळाला आठ्या घातल्या, कारण रात्री दोनला उठून येणारा मुलगा त्याचा होता. मश्गियाखनं मला दोन उपप्रश्न विचारले, जाळ किती वेळ विझला तर पुन्हा पेटवणं धरायचं यावर, आणि पुढच्या रविवारी सही केली.

नोकरीच्या अर्जातला आईबद्दलचा रकाना आता नाही. या हिवाळ्यात हनुक्काच्या सणाच्या गर्दीत दोन मुली नव्यानं घेतल्या, सुफगानियोत, म्हणजे सणाचे डोनट, तळायला आणि त्यांत मुरंबा भरायला. त्या कोण, कुठल्या, मला ठाऊक नाही. एकीचा हात वेणीवर फार चांगला बसलाय. पुरीमच्या सणानंतर तिला मी शुक्रवारच्या टेबलावर घेणार आहे.